न धाडलेली ओळ

या गं पोरींनो, जवळ सरका. भुताखेतांचं वाचायला तुम्हाला वेळ असतो, म्हातारीला फोन करायला मात्र नसतो... असू दे. माझाही असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. अंगात आलेल्या बाईला मी तोंडावर विचारायची, "देवी, माझी हरवलेली कोंबडी कुटं हाय, तेवढं सांग बरं."

आमचं घर कासार आंबोलीत, पौड रस्त्यावरून आत वळलं की ओढ्याकाठचं. थोरला भाऊ सदादादा पलटणीत बिनतारी यंत्रावर होता. त्याला दोनच वेडं — कविता आणि दुसऱ्यांच्या बोली. सुट्टीवर आला की म्हशीला तमिळमध्ये हाका मारायचा.

आई म्हणायची, "आरं, दूध आटंल तिचं."

"आटंल कशानं? रेडकू शिकंल तिचं."

आम्हा दोघांचा खेळ असा — त्यानं ओवीची एक ओळ टाकायची, दुसरी मी जुळवायची. बासष्ट साली बर्फाच्या डोंगरातून त्याचं पत्र आलं. गुरुजींनी वाचून दाखवलं —

बर्फाचा गं डोंगर, जसा तांदूळ कांडला

खाली लिहिलं होतं, 'ठके, पुढची ओळ धाड लवकर.'

मला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी परड्यात तांदूळ कांडताना ओळ सुचली. तोंडातल्या तोंडात म्हटली आणि एकटीच हसले. पण ओवी लिहून द्या म्हणून गुरुजींना कसं सांगायचं? लाजले. आज सांगू, उद्या सांगू... आणि तार आली.

दादा गेल्याचं दुःख सगळ्या घराचं होतं. पण तो माझ्या ओळीची वाट बघत गेला, ही बोच माझ्या एकटीची.

वर्षानं, भाताच्या झोडणीला, दुपारी दारात एक जवान उभा. दादाचा दोस्त मुरुगन, मद्रासकडचा. दादाची वही घेऊन आला होता. मराठी मोडकी, पण आमच्याच गावची — दादानंच शिकवलेली. आईच्या पाया पडला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "तू ठकी? तुजी ओवी आमच्या तंबूला पाठ हाय."

आणि म्हणायला लागला —

बर्फाचा गं डोंगर, जसा तांदूळ कांडला
शिजव की रं बंधू, म्हन बहिनीनं धाडला

माझ्या हातातली पेंढी गळाली. "ही वळ तुमाला कुनी सांगितली?"

"सदानं. एक दिवस सकाळी उठला, लई हसला. म्हणाला, ठकीचं उत्तर आलं. आमी विचारलं, पत्र कुटं? तो म्हणाला, पत्र न्हाई, वळ आली."

"पण मी धाडलीच न्हाई... कुनाला म्हणून बी दाखवली न्हाई."

तार आल्यापासून आई हसली नव्हती. ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "द्वाडानं तितनं ऐकली बघ. ल्हानपणापासनं कान लई तिखट त्येचं." त्या दिवशी मुरुगनला तिनं तीनदा वाढलं. जाताना त्यानं म्हशीला तमिळमध्ये हाक मारली, तर म्हैस रेकली.

नातू म्हणतो, "आजी, योगायोग गं. 'धाडला' कुणालाही सुचेल." सुचेल की. पण शब्दन् शब्द? इतकी वर्षं झाली, मला काही उलगडा नाही.

त्याच वहीवरून मी अक्षरं गिरवली, म्हणून आज हे लिहितेय. तिच्यात मुरुगननं ती ओवी त्याच्या लिपीत लिहिलीय, जिलेबीसारख्या अक्षरांत. तेवढं एक पान मला वाचता येत नाही. तुमच्यात कुणी तमिळ वाचणारी असेल तर तिला घेऊन लवकर या. नवा आंबेमोहर आलाय, पेज टाकते. फक्त ओवी मोठ्यानं वाचायची नाही हं, हळू म्हटली तरी पुरते — दादाचे कान तिखट आहेत.