रोझालियाबाईंना दिलेलं आमंत्रण

सांगावं की नाही, असं चाललं होतं मनात. पण तुम्ही घरचेच, चहाही अजून अर्धा शिल्लक आहे, तेव्हा ऐकाच. हसलात तरी चालेल. वैशाली तर अजून हसते.

वैशाली म्हणजे माझी बायको. लग्नाला वीस वर्षं होणार म्हणून तिने सिसिलीत, चेफालू नावाच्या जुन्या गावाजवळ, समुद्राकाठी एक व्हिला बुक केला. अंगणात लिंबाची झाडं, समोर निळंशार पाणी. मालकीण रोझालियाबाई, सत्तरीच्या, एकट्याच राहणाऱ्या. वैशालीने व्हिलाचा फोटो फ्रिजवर लावला. दूध काढताना रोज बघायची.

आणि आला कोविड! ऑस्ट्रेलियाने बॉर्डरच बंद केली. आम्हाला सिडनीत आमच्या कॅसल हिलच्या बाहेर जायची चोरी, तिथे चेफालू कुठलं?

रोझालियाबाईंचा मेसेज आला, "तुम्ही येणार का? नसाल तर तसं सांगा."

आता 'नाही' एवढंच लिहायचं होतं. पण तोंडावर नाही म्हणणं आपल्याला जमतं का हो? मी लिहिलं, "म्हणजे काय, नक्की येणार! आणि तुम्हीही आमच्याकडे या. हवं तितकं राहा. घर तुमचंच आहे!"

वैशालीने वाचलं. "अरे, तिला घरी कशाला बोलावतोस?"

"अगं, म्हणायचं असतं तसं. कोण येतंय सिसिलीहून?"

मला सांगा, माझं काय चुकलं? लग्नात भेटलेल्या माणसाला आपण 'या ना एकदा घरी' म्हणतो. तो 'नक्की येतो' म्हणतो. मग दोघंही निवांत आइस्क्रीमच्या रांगेत उभे राहतात. कोणी कुणाकडे जात नाही, आणि कुणाला वाईटही वाटत नाही.

बाई मात्र लिंबांचे फोटो पाठवत राहिल्या. पाहुणे बंद, गाव सुनं, असं लिहायच्या. वाईट वाटायचं. मग मी दिवाळीला, ख्रिसमसला, प्रत्येक लॉकडाउनला लिहायचो, "या ना! खोली तयार आहे!"

खोली! त्या खोलीत माझं वर्क फ्रॉम होमचं टेबल, पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेली पण इस्त्रीचे कपडे ठेवायला वापरलेली कॉट, आणि कपडे वाळत घालायचं स्टँड. आत जायचं तर तिरकं होऊन जावं लागायचं.

बॉर्डर उघडली आणि बाईंचा फोटो आला. लिंबाचा नाही, विमानाच्या तिकिटाचा! "मेलबर्नला बहिणीकडे चाललेय. पण आधी तुमच्याकडे. इतकं प्रेमाने बोलावताय!"

मला घाम फुटला. ऑफिसात प्रोजेक्ट गळ्याशी आलेला, घरात ही खोली. वैशालीने हात झटकले. "बोलावलंस ना? आता निस्तर. पण एक लक्षात ठेव, बाई दुखावल्या तर माझा व्हिला गेला."

मग मी डोकं चालवलं. लिहिलं, "फार वाईट वाटतं, पण मला कोविड झालाय."

पुढची बातमी आली ती थेट एअरपोर्टवरून. "मला होऊन गेलाय, मला कसली भीती? तू आजारी, मग स्वयंपाक कोण करणार? निघालेच!"

आमची लेक मही म्हणाली, "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग." आणि खोलीचं दार उघडून दिलं, मला आत जायला.

दुसरं काय करणार? पॉझिटिव्ह माणूस आयसोलेशनमध्येच हवा! मी त्या खोलीत, टेबल आणि स्टँडच्या मध्ये. बाई आमच्या बेडरूममध्ये. आणि बाहेर काय मजा चाललेली! टोमॅटोच्या सॉसचा वास, पुरणपोळीचा वास, तिघींचं खिदळणं. एक दिवस तिघी मॅन्लीच्या बीचवर जाऊन आल्या. मी खिडकीतून कुंपण बघत बसलो.

बाई दाराबाहेर माझ्यासाठी सूप ठेवायच्या. पहिल्याच दिवशी विचारलं, "आणखी देऊ?"

"नको, नको, पुरे!" मी आतून म्हटलं.

आता आपल्याकडे पहिल्या 'नको'ला कोणी वाढायचं थांबतं का? थोडं तरी घ्याच, म्हणायचं. मग आपण ताटावर हात आडवा धरायचा, तोही बोटं फाकवून. मी वाट बघत बसलो. बाई भांडं घेऊन गेल्यासुद्धा! रोज हेच. भुकेने जीव चाललाय, आणि तोंडातून निघतंय काय, तर 'नको'.

यावरून माणूस शहाणा होईल की नाही? ऐका पुढे.

जायच्या आदल्या दिवशी बाई दाराशी आल्या. "सप्टेंबरमध्ये व्हिला तुमच्यासाठी ठेवलाय. पाहुणे म्हणून या. वैशाली आणि मही येतायत. तूही येशील ना?"

मन आत नाचत होतं हो! आणि तोंड म्हणालं, "छे छे, माझा कशाला उगीच त्रास तुम्हाला!"

मी कान लावून थांबलो. आता म्हणतील, त्रास कसला, यायलाच हवं.

चपलांचा आवाज स्वयंपाकघराकडे गेला.

संध्याकाळी वैशालीने बातमी आणली. "तू नाही म्हणालास म्हणे? व्हिलातली दुसरी बेडरूम बाईंनी मेलबर्नच्या बहिणीला देऊन टाकली."

"अगं, मला वाटलं त्या आग्रह करतील!"

"मग सांग जा, खरं तर यायचंय म्हणून."

"असं आपणहून कसं सांगायचं?"

वैशालीने कपाळावर हात मारला.

सप्टेंबरमध्ये दोघी गेल्या. एक दिवस व्हिडिओ कॉल आला. मागे तोच फ्रिजवरचा समुद्र, त्यात मही पोहतेय, वैशालीच्या हातात लिंबाचं सरबत. इथे मी, कालची खिचडी आणि स्टँड. इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात बाई मधे आल्या. "सतीश, तुझी फार आठवण येते. घर किती छान तुमचं!"

आणि मी काय म्हणालो असेन? वैशाली मागून दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होती, ते दिसतही होतं मला.

"मग या ना परत! बहिणीलाही आणा! हवं तितकं राहा!"

डिसेंबरात दोघी बहिणी येतायत. बेडरूम त्यांची. मला तेवढं ते स्टँड हलवून घ्यायचंय.