गिरणी, वॉर्निंग आणि एक जाहीर सॉरी

मी काय करतो हे नातेवाइकांना सांगायचं झालं, की माझी बायको पुढाकार घेते. "हे दुसऱ्यांच्या चुका काढतात," ती म्हणते, "आणि त्याचे पैसे मिळतात." म्हटलं तर खरं आहे. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. जगभरचे लोक आपापल्या घरी बसून त्यात बदल करतात. ते सगळे मी रोज जव्हारच्या घरात एकत्र करतो, त्यांचं बिल्ड करतो, म्हणजे त्या कोडपासून चालणारी सिस्टिम बनवतो, आणि कपाटाच्या फळीवर मांडलेल्या छोट्या बोर्डांवर, म्हणजे तळहाताएवढ्या उघड्या संगणकांवर, ते एकमेकांशी नांदतात का ते बघतो.

बिल्ड होताना कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम, वॉर्निंग देतो. वॉर्निंग आली म्हणून काम थांबत नाही, नुसती कुरकुर होते. घरात माझाही दर्जा साधारण हाच, त्यामुळे मी प्रत्येक वॉर्निंग मनावर घेतो.

एका सद्गृहस्थाच्या बदलात अशीच एक निघाली. मेमरीतली एक जागा भरण्याआधीच वाचली जाऊ शकते, असं कंपायलरचं म्हणणं. मी रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर कळवलं. त्याने सगळ्यांसमोरच उत्तर दिलं. ही नुसती वॉर्निंग आहे, ती परिस्थिती कधीच येत नाही, आणि ज्यांना कोड लिहिता येत नाही त्यांनी लिहिणाऱ्यांना शिकवू नये.

ते शेवटचं वाक्य घेऊन मी जेवायला बसलो.

"भाजी कशी झालीय?" बायकोने विचारलं.

"सॉरी म्हणायला लावीन."

"भाजीला?"

मी त्याचा कोड पिंजून काढला. ती परिस्थिती येत होती. व्होल्टेज क्षणभर खाली जाऊन परत वर आलं, की जोडलेलं उपकरण वेळेत उत्तर देत नाही आणि ती रिकामी जागा वाचली जाते. त्याच्या देशात असं होत नसेल. पण आमच्याकडे? मी हात चोळत एक बोर्ड इन्व्हर्टरवरून काढला, थेट घरच्या विजेवर लावला आणि वाट बघत बसलो. नुसता प्लग काढून भागत नव्हतं. वीज पूर्ण गेली की बोर्ड निमूट बंद पडतो. वीज डुचमळायला हवी होती.

आणि आमच्या आळीतली वीज काही डुचमळेना. मी दिव्याकडे बघत जेवलो, दिव्याकडे बघत दाढी केली. दिवा लख्ख.

याला जबाबदार मीच. शेजारी पिठाची गिरणी आहे. पूर्वी तिची मोटर सुरू झाली, की आळीभर दिवे मान टाकायचे. मी वीज कार्यालयात तक्रार केली आणि गिरणीवाल्याला मोटर हळूहळू सुरू करणारा महागडा स्टार्टर बसवावा लागला. तेव्हापासून तो आमचं दळण घेत नाही. बायको डबा घेऊन बाजारापलीकडच्या गिरणीत जाते आणि येताना मला काय वाटेल ते बोलते.

"जा की मग शेजारी," ती म्हणाली. तिचा चेहरा गंभीर होता, पण सुख लपत नव्हतं.

गेलो. गिरणीत नागलीचे डबे, पिशव्या आणि बायका दाटीवाटीने बसलेल्या. मी गिरणीवाल्याला म्हणालो, "एकदाच, जुन्या पद्धतीने, स्टार्टर बाजूला ठेवून मोटर चालू करता का?"

त्याने पिठाळ भुवया उंचावल्या. "साहेब, त्याच्यावरच तक्रार केली होती ना तुम्ही?"

"हो, पण आता गरज आहे."

"मग आधी सॉरी म्हणा."

चूक माझी नव्हती. आजही नाही, हे मी इथे लिहून ठेवतो. पण डोळ्यांसमोर लिस्टवरचं ते शेवटचं वाक्य आलं. मी चालत्या पट्ट्याच्या आवाजात पुटपुटलो. त्याने गिरणी बंद केली. एकदम शांतता.

"कोणाला ऐकू आलं का?" त्याने बायकांना विचारलं.

जामसरहून दळण घेऊन आलेली एक म्हातारी पदराआडून म्हणाली, "मला तं काय नाय आयकू आला."

मी मोठ्याने सॉरी म्हणालो. गिरणी हसली, म्हणजे बायका हसल्या. मग त्याने मोटर थेट चालू केली. आळीतल्या दिव्यांनी मान टाकली आणि मी चपला न घालता घरी पळालो. बोर्ड मरून पडला होता. पडद्यावर त्या सद्गृहस्थाच्या कोडची नेमकी ती ओळ. इतकं सुंदर प्रेत मी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे नियम आहे. ज्याच्या बदलामुळे बोर्ड कोसळतो, त्याचं काम दुरुस्त होईपर्यंत बाहेर. पुरावा जोडून मी त्याचं सगळं काम वगळलं आणि तसं लिस्टवर कळवलं. कळवताना शिट्टी वाजवत होतो, असं बायको सांगते.

दुसऱ्या दिवशी त्याची दुरुस्ती आली. सोबत फक्त मला, एकट्याला, एक ओळ. तुमचं बरोबर होतं, सॉरी.

मोठ्या मनाचा माणूस तिथे थांबला असता. मी गिरणीत शिकून आलो होतो. मी लिहिलं, "आभारी आहे. हेच लिस्टवर लिहा. तिथे कोणाला ऐकू आलं नाही."

संध्याकाळी लिस्टवर त्याचं पत्र आलं. मी बायकोला हाक मारली, चष्मा पुसला, घसा खाकरला आणि मोठ्याने वाचायला लागलो, "मी सर्वांसमोर कबूल करतो, की..."

शेजारी मोटर सुरू झाली, जुन्या पद्धतीने. दिवे गेले, पडदा गेला. बोर्ड परत इन्व्हर्टरवर लावताना घाईत मी माझ्याच संगणकाचा प्लग तिथून काढून घरच्या विजेवर लावला होता.

"काय कबूल करतो?" अंधारात बायकोने विचारलं.