मालकाच्या मापाची रायफल

लग्नाला आठ वर्षं झाल्यावर मला कळलं की माझ्या नवऱ्याला बंदूक चालवता येते. तेही त्यांनी आपणहून सांगितलं नाही. जेवणाच्या टेबलावर, कोशिंबिरीच्या वाडग्याला टेकवून, रायफलींच्या सुट्या भागांचा जाडजूड इंग्रजी कॅटलॉग उघडा दिसला म्हणून मी विचारलं. आमच्या घरात झुरळ मारायचं झालं तरी हे मला हाक मारायचे. मी पोळी वाढायची विसरले.

"कॉलेजात एन.सी.सी.मध्ये होतो," हे म्हणाले. "नेम बरा होता."

"बरा म्हणजे?"

"राज्याच्या टीममध्ये घेतलं होतं."

मला रागच आला. कॉलेजातल्या कुठल्याशा मुलीबरोबर सिनेमाला गेल्याचं यांनी पहिल्या महिन्यातच सांगून टाकलं होतं, आणि हे सांगितलं नव्हतं!

"त्यात सांगायचं काय?" हे म्हणाले. "नोकरी लागली, लग्न झालं, इकडे आलो. परत कधी हातात येणार होती थोडीच." आणि इतकं हळू बोलले की माझा राग तिथल्या तिथे उतरला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही बहारीनमध्ये मुहर्रकला राहायचो, विमानतळाच्या इतक्या जवळ की विमान उतरताना मांडणीतली भांडी वाजायची. हे ज्यांच्या वर्कशॉपमध्ये इंजिनियर होते त्या बहारीनी मालकांना सगळे अरबाब म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी मोत्यांचा व्यापार होता, त्यामुळे अरबाब आमच्याशी हिंदीत बोलत. त्यांच्याकडे बंदुकीचे परवाने होते आणि रिफाच्या पलीकडे वाळवंटात स्वतःची जागा होती. शुक्रवारी तिथे त्यांची नेमबाजी चाले. बोलता बोलता यांच्या तोंडून एन.सी.सी.चं निघालं, तेव्हा अरबाबांनी कॅटलॉग यांच्या हातात ठेवला. लांब पल्ल्याची रायफल इंग्लंडहून खास बनवून घ्यायची होती. एकेक भाग यांनी पसंत करायचा होता.

"अपने लिए समझ के लेना," अरबाब म्हणाले होते.

हे त्यांचं नेहमीचंच होतं. जनाबियातल्या बंगल्याचे एसी, जनरेटर, बोटीचं इंजिन, सगळं यांनीच निवडलेलं, आणि दर वेळी हेच वाक्य. त्याचा अर्थ इतकाच, की माल चांगला घे, हयगय करू नकोस.

मग दुपारच्या सुट्टीत जेवणं झाली की कॅटलॉग उघडायचा. मी भाजी निवडता निवडता ऐकायची आणि थक्क व्हायची. हा माणूस एरवी साडीच्या दुकानात पाच मिनिटांत कंटाळायचा. इथे एका नळीवर चार दिवस! नळी जाड हवी, म्हणजे तापली तरी गोळी भरकटत नाही. चाप हलका हवा, पण इतकाही नको की शिंक आली आणि गोळी सुटली. दुर्बीण कुठली, तिची काच कुठली, यावर तर स्वतःशीच वाद घालायचे. आणि खांद्याला टेकवायचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, माणसाच्या मापाचा.

"ब्लाउजासारखंच आहे," मला समजावत म्हणाले. "दुसऱ्याच्या मापाचं अंगाला बसत नाही. निजून नेम धरला की डोळा आपोआप दुर्बिणीमागे यायला हवा."

आता अरबाब सहा फुटांच्या वर. त्यांच्या हाताचं माप विचारणार कोण? यांनी डोकं लढवलं. अरबाबांचे झगे शिवणारा शिंपी मुहर्रकच्या बाजारात होता. माझा परकर शिवायला टाकायच्या निमित्ताने आम्ही त्याच्याकडे गेलो. एवढ्या मोठ्या माणसाचे कपडे आपण शिवतो या कौतुकात त्याने बाहीचं माप आपणहून सांगितलं. वर अरबाब डावखुरे. सही डाव्या हाताने करत, बंदूक डाव्या खांद्याला लावत. म्हणून यांनी बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा खटका, डावीकडे असलेली रायफल निवडली. त्यासाठी कॅटलॉगमध्ये वेगळं पान होतं.

"दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं," हे खुशीत म्हणाले.

"तुम्हाला मिळेल का उडवायला?"

"इंशाल्ला. एखादी गोळी देतील."

त्या उन्हाळ्यात आम्ही कायमचे पुण्याला परतणार होतो. तिथे कुठली रायफल आणि कुठलं वाळवंट! त्यांना ती एक गोळी हवी होती आणि मला ती उडवताना त्यांना बघायचं होतं.

रायफल आली ती मार्चमध्ये. शुक्रवारी सकाळी अरबाबांनी आम्हा दोघांना वाळवंटात बोलावलं. त्यांचे भाऊ होते, मित्र होते. अरबाबांनी पेटी उघडली आणि यांच्यापुढे सरकवली.

"ये तुम्हारा. तेरे को बोला था ना, अपने लिए पसंद कर? इंडिया नहीं ले जा सकता, मालूम है. मेरे पास रहेगा. जब भी आएगा, तेरा है."

मी यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. मला आधी वाटलं, आनंदाने. मग बोल्ट डावीकडे असल्याचं अरबाबांना दिसलं आणि ते मोठ्यांदा हसले.

"अरे, तू भी लेफ्टी? आठ साल में पता नहीं चला!"

सुईत दोरा ओवण्यापासून सगळं उजव्या हाताने करणारा माझा नवरा म्हणाला, "जी."

माझा कानांवर विश्वास बसेना. हे सतरंजीवर पालथे झाले आणि त्यांनी रायफल डाव्या खांद्याला लावली. दस्ता इतका लांब की मान ताणूनही डोळा दुर्बिणीपर्यंत पोचेना. पहिली गोळी नेमाच्या फळीच्या बरीच अलीकडे वाळूत गेली. दुसरी कुठे गेली ते कुणालाच दिसलं नाही. तिसऱ्या गोळीनंतर अरबाबांचे भाऊ दुसरीकडे बघायला लागले आणि कुणीतरी उगाचच कॉफी ओतायला घेतली.

अरबाब यांच्याजवळ वाळूत बसले आणि पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "खलास, कोई बात नहीं. जवानी में सब थोड़ा बढ़ा के बोलते हैं."

ते रागावले असते तर मला चाललं असतं. ते इतक्या मायेने बोलले की मला तिथे बसवेना.

गाडीत बसल्यावर मी फुटलेच. "सांगायला काय झालं होतं? 'माप तुमचं घेतलं' म्हणायचं अरबाबांना! हसले असते, त्यांची एखादी जुनी उजव्या हाताची रायफल दिली असती! सगळ्यांना वाटलं तुम्ही थापा मारल्या!"

यांनी गाडी वाळूतून डांबरी रस्त्यावर घेतली.

"त्यांना काय सांगू?" हे म्हणाले. "की आठ वर्षांत तुम्ही मला काही द्याल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही?"

घर जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझा तरी विश्वास आहे ना? टीममध्ये होतो यावर?"

मी हो म्हटलं. पण नेम धरताना ते कसे दिसायचे, हे मला आजही माहीत नाही.