कुळवृत्तांतातला व्हायरस

आमच्या घरच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस मी चार वेळा पूर्णपणे काढला आहे.

हसू नका. अंबडच्या कारखान्यात मी तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. नापास मालाला लाल चिठ्ठी, पास मालाला हिरवी, आणि हिरवीवर माझी सही. सही झालेला माल कधी परत आला नाही. (एकदा आला होता, पण ती चूक पॅकिंगवाल्यांची होती आणि हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे!)

माझी बायको सुनंदा चार वर्षं आमचा कुळवृत्तांत तयार करत होती. घराणं माझं, मेहनत तिची! गावोगावच्या नातेवाइकांना फोन करून नऊ पिढ्यांची नावं, शिक्षणं, लग्नं तिनं आधी वह्यांत उतरवली, मग एकेक पान टाइप केलं. कुलसंमेलन महिन्यावर आलं होतं आणि तिथे हे पुस्तक वाटायचं होतं. फोटोंमुळे फाइल इतकी जड झाली की मेलनं जाईना. म्हणून मी ती पेनड्राइव्हवर घालून नाशिक रोडच्या छापखान्यात (नोटांच्या नव्हे, लग्नपत्रिकांच्या) देऊन आलो.

तासाभरात छापखानेवाल्याचा फोन. "काका, तुमच्या पेनड्राइव्हनं आमचं मशीन झोपवलं! व्हायरस आहे त्यात. न्या तो परत. कॉम्प्युटर साफ करा, मगच फाइल आणा."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काही घातलंत का कॉम्प्युटरमध्ये?"

"मी? छे! एक छोटासा प्रोग्रॅम तेवढा उतरवला होता. कॉम्प्युटर वेगवान करणारा. फुकट होता."

"मग? झाला वेगवान?"

खरं म्हणजे त्या दिवसापासून कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. आणि काहीही उघडलं की टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात यायची. (कॉम्प्युटरला मी दिसत होतो की काय, देव जाणे!) पण हे मी तिला सांगितलं नाही.

पहिल्यांदा मी तो फुकट प्रोग्रॅम काढला, कचरापेटी रिकामी केली आणि मॉनिटरवर हिरवी चिठ्ठी चिकटवून सही ठोकली. सकाळी पाहतो तर तेल हजर! दुसऱ्यांदा अँटिव्हायरस लावला. चार तास खुर्चीतून हललो नाही. चौदा व्हायरस सापडले, चौदाही काढले. दुसरी हिरवी चिठ्ठी! मग ऐटीत पेनड्राइव्ह लावला, आणि पुन्हा तेल.

आमची मुलगी केतकी पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करते. तिचा फोन आला. "बाबा, पेनड्राइव्ह स्कॅन केलात का?"

"बिघाड कॉम्प्युटरमध्ये आहे, केतकी. माल खराब निघाला म्हणून टेम्पोला कुणी नापास करतं का?"

"बाबा, इथे टेम्पोच आजारी आहे!"

आता, जिला सायकल मी शिकवली तिच्याकडून मी शिकायचं? शक्यच नाही! तिसऱ्यांदा मी थेट कॉम्प्युटरच फॉरमॅट केला. कुळवृत्तांत पेनड्राइव्हवर होताच. कोऱ्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला, 'कुळवृत्तांत' लिहिलेल्या चित्रावर दोनदा टिचकी मारली, आणि तेल. या वेळी सोबत शाम्पूसुद्धा!

तेवढ्यात निफाडहून माझे चुलतभाऊ, आमचे दादा, फोनवर आले. "मन्या, पुस्तक कव्हा येतंय? माझ्या नातवाचं नाव हाय ना त्यात?"

"आहे, दादा, आहे," म्हणालो आणि कॉम्प्युटर पुन्हा कोरा केला. पेनड्राइव्ह लावला, पण या वेळी काही उघडलं नाही, नुसतं निरखून पाहिलं. 'कुळवृत्तांत'चा आकार होता एक केबी. नऊ पिढ्या एक केबीत? त्यात दादांचा एकटा नातूसुद्धा मावला नसता! आमच्या कारखान्याचा नियम असा, की नापास मालाला नुसती चिठ्ठी लावायची नाही. तो साक्षीदारासमोर फोडायचा, म्हणजे कुणी गुपचूप पुन्हा चांगल्यात मिसळत नाही. मी सुनंदाला साक्षीला बोलावलं.

"अहो, फाइल त्यातच आहे ना?"

"ही फाइल नव्हे, तोतया आहे! खरी फाइल व्हायरसनं कधीच गिळली."

"केतकीला एकदा विचारा तरी."

"ऊठसूट केतकी कशाला?"

पेनड्राइव्ह क्विक फॉरमॅट करू की पूर्ण, असं कॉम्प्युटरनं विचारलं. मी आयुष्यात क्विक काही केलेलं नाही. पूर्ण केला. चाळीस मिनिटं लागली.

संध्याकाळी केतकीचा फोन. "बाबा, एक सांगायचं राहिलं. हा व्हायरस फाइल गिळत नाही, नुसती लपवतो. मी आल्यावर काढून देते. तुम्ही काही पुसलं नाहीत ना?"

मी फोन सुनंदाकडे दिला.

तिनं फोन ठेवला आणि जुन्या वह्या काढून त्यांवरची धूळ झटकायला लागली. ओरडली असती तर मी चार गोष्टी सुनावल्या असत्या, पण ती वह्याच झटकत राहिली आणि मला मनापासून लाज वाटली. माझ्या मेलेल्या पणज्यांसाठी तिनं डोळे फोडले होते, आणि मी? केतकीनं पुण्याहून कॉम्प्युटर तपासला. म्हणाली, "बाबा, आता खरंच साफ आहे. काहीसुद्धा नाही त्यात." निदान एवढं तरी मी पूर्ण केलं होतं!

दुसऱ्या दिवशी सुनंदानं सगळ्या वह्या माझ्यासमोर आदळल्या. "बसा. मी सांगते, तुम्ही टाइप करा."

बारा दिवस! दोन बोटं, नऊ पिढ्या! नातेवाइकांकडून फोटो पुन्हा मागवले, प्रत्येकाला कारण वेगळं सांगितलं. प्रत्येक पान ती तपासायची आणि चुकलं की परत करायची. बाराव्या दिवशी आम्ही माझ्यापर्यंत पोहोचलो.

"लिहा. मनोहर. निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर. विशेष कामगिरी : घराण्याचा संपूर्ण इतिहास एका दिवसात पुसला."

"हे छापायचं?"

"छापायचं."

मी खुर्चीत ताठ झालो. चुकीची नोंद खपवून घेणारा माणूस मी नव्हे! "हे मी अजिबात लिहिणार नाही," मी ठणकावलं. "धडधडीत खोटं आहे!"

"काय खोटं आहे त्यात?"

छापलेल्या कुळवृत्तांतात 'चाळीस मिनिटांत' असं आहे.