वैशाखात जुळवलेली गाडी

श्री. मोरेश्वर लांजेवार सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या वडिलांच्या जुन्या पेट्रोल गाडीमुळे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या वर्गाला नुकताच लागलो होतो आणि सर आमचे निदेशक होते. ती गाडी उभ्या जागी कधी उगाच रेस व्हायची, कधी आचके देऊन बंद पडायची. गोंदियाच्या मिस्त्रींनी प्लग बदलले, फिल्टर बदलले आणि शेवटी "बेच डालो" असा सल्ला दिला. सरांनी स्टेअरिंगखाली केबल लावली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मला डोळे मिटायला सांगितले. "पाहू नोको, आयक," म्हणाले. ते आकडे बदलत गेले आणि इंजिनाचा आवाज हळूहळू एका लयीत आला. मी त्याच दिवशी मनाने त्यांचा शिष्य झालो. वडिलांना मात्र कायम वाटत राहिले की सरांनी काही केले नाही, नुसते टायपिंग केले.

यंदा सरांची एकसष्टी. गौरवग्रंथाच्या समितीने त्यांच्या कामावर लिहायला मला सांगितले, तेव्हा मी फुशारून गेलो. आता लिहिताना तेवढीच लाज वाटते आहे. का, ते पुढे येईलच.

सगळेच वाचक गाडीतले जाणकार नसतील, म्हणून थोडे सांगतो. पूर्वी थंडीत गाडी सुरू करताना चोक हाताने ओढावा लागे. आता ते काम गाडीतला कॉम्प्युटर करतो. इंजिन किती गार आहे ते पाहून तो पेट्रोल कमी-जास्त सोडतो. हे प्रमाण बदलता येते, आणि ते बदलण्यात सरांचा हात धरणारा आमच्या जिल्ह्यात कुणी नाही. गिऱ्हाइकाला मात्र एकच प्रश्न सुचतो, "अ‍ॅव्हरेज किती वाढेल?"

मुर्रीला सरांच्या घरामागे त्यांचे वर्कशॉप आहे. तिथला नियम असा की गाडी रात्रभर अंगणात राहिली पाहिजे आणि तिला कुणी हात लावायचा नाही. पहाटे सर मफलर गुंडाळून गाडीत बसतात आणि एकदा सेल्फ मारतात. इंजिन जरा अडखळले तरी आकडे दुरुस्त करतात आणि पुन्हा दुसऱ्या दिवसाची वाट पाहतात, कारण एकदा तापलेले इंजिन गार इंजिनाबद्दल खरे सांगत नाही. एका गिऱ्हाइकाच्या मेहुण्याने बाहेर जायला वाट हवी म्हणून गाडी सुरू करून बाजूला लावली, तर सरांनी त्याला चहा पाजला आणि गाडी आणखी एक दिवस ठेवून घेतली. उन्हाळ्यात दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी ते हिवाळ्यात परत बोलावतात आणि तिची पहाट फुकट तपासतात. लोक कुरकुरतात, बाकीचे तासाभरात करून देतात म्हणतात. सर ऐकून घेतात आणि आपलेच खरे करतात.

मी गोंदियात स्वतःचे वर्कशॉप टाकले तेव्हा आता गुरू-चेल्याचे बिनसणार, असा अनेकांचा होरा होता. सर उद्घाटनाला आले आणि दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसले. ओळखीचा जो जाईल त्याला, "याच्याकडं गाडी दे, माझ्याकडं लय गर्दी आहे," असे सांगत होते. गर्दी वगैरे काही नव्हती.

हे सगळे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. गाडी रात्रभर ठेवण्याच्या नियमाला मी 'सरांची दूरदृष्टी' म्हटले होते. खरे कारण मला ठाऊक होते. पण गौरवग्रंथात कुणी असले लिहिते का, असे समितीतल्या मित्रांचे मत पडले आणि मलाही ते सोयीचे वाटले. सरांनी मसुदा शांतपणे वाचला आणि परत केला.

"दूरदृष्टी कायची? ते माझी शरम आहे," सर म्हणाले. "तेच काढून टाकशील तं मग बाकी कोणाचं लिहून राहिला तू?"



तर खरे कारण असे. चोरखमारा गावचे केवळरामजी नावाचे एक शेतकरी ऐन वैशाखात गाडी घेऊन सरांकडे आले होते. सरांनी पेट्रोल बेताचे केले, गाडी छान पळू लागली. त्याच झपाट्यात त्यांनी गार इंजिनाचे आकडेही खाली आणले. ते तपासायचे कसे? आमच्याकडे वैशाखात इंजिन गार होतच नाही. थंडीत एकदा पाहू, असे म्हणायला हवे होते. सर म्हणाले, "आता निर्धास्त राहा."

केवळरामजींची मुलगी प्रणाली पोलीस भरतीची तयारी करत होती. तलावाच्या पाळीवर रोज धावायची, आणि गावात तिच्या पुढे कुणी नव्हते. मैदानी चाचणी, म्हणजे पोरांच्या भाषेत 'ग्राउंड', पौषात आली, गोंदियाला, भल्या सकाळी. नातेवाईक आदल्या दिवशी मुक्कामाला बोलावत होते. पण घरी गाडी आहे आणि ती निर्धास्त आहे, म्हणून बापलेक घरीच राहिले. पहाटे कडाक्याची थंडी होती. केवळरामजी सेल्फ मारत राहिले, शेवटी बॅटरी बसली. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर प्रणाली मैदानावर पोहोचली तेव्हा तिच्या तुकडीचा पुकारा होऊन गेला होता. फाटकावरच्या माणसाने आत सोडले नाही. पुढची भरती निघेपर्यंत तिचे वय उलटून गेले.

केवळरामजी दुसऱ्या दिवशी मुर्रीला आले. मी तिथे शिकाऊ होतो. ते भांडले नाहीत. "सर, तुमी तं निर्धास्त राहा म्हटलं होतं," एवढेच म्हणाले. सर खाली मान घालून उभे राहिले. त्या दिवसापासून अंगणातला नियम सुरू झाला.

मसुदा परत करताना सरांनी एक अट घातली. हे लिहायचे, पण आधी त्या मुलीला विचारायचे. मी नव्याने लिहून चोरखमाऱ्याला गेलो. प्रणालीताई आता वडिलांची शेती पाहतात. त्यांच्याकडून कळले की सर दर पौषात येतात, पहाटे ती गाडी सुरू करून पाहतात आणि चहा घेऊन निघून जातात. फारसे कुणीच बोलत नाही. तुम्ही सरांना माफ केले का, असा भोचक प्रश्न मी विचारला.

"माफ करून माझं ग्राउंड वापस येते का?" त्या म्हणाल्या. "पण येतात तं येऊ द्या. त्यायनं यायलाच पाह्यजे."

मग मी मसुदा वाचून दाखवू लागलो. 'भरतीत अपयशी ठरलेली एक मुलगी' या शब्दांपाशी त्यांनी मला हाताने थांबवले.

"लिहायचं तं लिहा. पण मी नापास झाली असं नोका लिहू. मी धावलीच नाही."

गुरूंचा दोष सौम्य करण्याच्या नादात मी तो प्रणालीताईंच्या माथी मारून बसलो होतो, आणि त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांनाच वाचून दाखवत होतो. तिथल्या तिथे मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ते शब्द मी त्यांच्यासमोर खोडले.

समितीतल्या मित्रांना हा लेख एकसष्टीला शोभणारा वाटणार नाही. सरांनी तो दोनदा वाचला आणि छापायला सांगितले. सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, त्यांच्या अंगणातल्या पहाटेच्या गाड्या कधी कमी न पडोत, आणि त्यांच्याबद्दल खरे लिहिताना आम्हा शिष्यांचा हात पुन्हा न कचरो.