कपाटाचं माप

माझ्या चुलतसासऱ्यांनी, म्हणजे आमच्या काकांनी, जन्मात कुठलीही वस्तू माप घेतल्याशिवाय कुठल्याही दारातून आत पाठवली नाही. घराणं उमरेडच्या विणकरांचं. हातमाग सुटून बरीच वर्षं झाली होती, पण खिशात टेप असायचाच. एकदा एक मोठं पाकीट टपालात टाकायचं होतं, तर त्यांनी आधी तेवढाच पुठ्ठा कापला, सायकलने सदरच्या टपाल कचेरीत गेले आणि टपालपेटीच्या फटीत घालून पाहिला. पुठ्ठा आत पडला, तेव्हा घरी येऊन शांतपणे पाकीट चिकटवलं. नोकरीच्या अर्जावरच्या चौकोनात माझा फोटो मावेना, तर त्यांनी तो असा कापला की एक कान गेला. मी कुरकुरलो तर म्हणाले, "जावईबापू, खिडकीवरून अर्ज वापस येण्यापरीस कान गेलेला बरा." नोकरी लागली, त्यामुळे वाद घालायची सोयच उरली नाही.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न सावनेरला ठरलं. तिला सागवानी कपाट द्यायचं होतं. ते सासरच्या दारात अडलं, तर चार लोकांत पोरीला मान खाली घालावी लागेल, या धास्तीने काका टेप घेऊन सावनेरला गेले. टेपचं दुसरं टोक धरायला जावई म्हणून मी. होणाऱ्या विहीणबाई भडकल्या. "पोरगी देऊन राहिले का घर विकत घेऊन राहिले?" लग्न मोडता मोडता राहिलं. तरी निघताना काकांनी दाराची उंची पुन्हा एकदा घेतलीच.

मग प्रताप नगरच्या घरी, आतल्या खोलीत सुतार बसवून त्या मापाचं कपाट करवून घेतलं. पाठवणीच्या दिवशी ट्रक बाहेर उभा राहिला, चौघांनी कपाट उचललं आणि ते काकांच्याच दारात अडलं. आडवं केलं, तिरपं केलं, काही उपयोग झाला नाही. या दाराचं माप कुणी घेतलंच नव्हतं. काका असताना दुसऱ्याने मापाचा विचार करणं हा आमच्याकडे आगाऊपणा समजला जाई. वऱ्हाड हसायला लागलं. मुलगी मान खाली घालून उभी.

"आमचं दार तं मापून नेलं, इवाई," विहीणबाई म्हणाल्या. "घरचं काहून नाही मापलं?"

काका टेप धरून कपाटामागे उभे होते. "ते तिकडं आत कसं जाईन, तेच पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "पोरगी इथून बाहेर जाईन, हे ध्यानातच नाही आलं, इहीणबाई."

हसणं थांबलं. विहीणबाईंनी सुनेला जवळ घेतलं. "राहू द्या कपाट इथंच," त्या म्हणाल्या. "माहेरी आली का तिले लागनच."

ट्रक रिकामाच गेला. तो वळेपर्यंत काका रस्त्यात उभे राहिले, मग आत येऊन कोरं कपाट पुसायला बसले. मला त्या माणसाची इतकी माया आधी कधी आली नव्हती.