चाकामागचा दगड

आमच्या ह्यांचा पहिला जीव गाडीवर आणि दुसरा माझ्यावर. हे मी रागानं म्हणत नाही, लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला त्यांनीच मला तोंडावर सांगितलं होतं. मी बरेच दिवस अबोला धरला. शेवटी त्यांनी समजूत घातली ती अशी: "अगं, दुसरा नंबर काय वाईट असतो का? तिसरा, चौथा कुनालाच दिला न्हाई मी." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

फौजेत ते ड्रायव्हर होते. बर्फातल्या रस्त्यांवर ट्रक चालवून निवृत्त झाले आणि कोरेगावजवळच्या आमच्या वस्तीवर आले, ते लिलावातली एक जुनी जीप घेऊनच. मी शिवणकाम करायची, अजूनही करते. माझं मशीन ओसरीवर आणि त्यांची जीप अंगणात, असा आमचा संसार. जीप सपाटीला बरी चालायची, चढ आला की मात्र तिचा जीव वर-खाली व्हायचा. यवतेश्वरच्या घाटात ती पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी जरीच्या साडीत होते. हे ब्रेकवर पाय रोवून ओरडले, "उतर! चाकामागं दगड लाव!" मी उतरले, रस्त्याकडेचा विटेएवढा काळा दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला. साडीला चिखल लागला म्हणून घरी येईपर्यंत मी त्यांना बोलत होते. हँडब्रेक नाही का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "हाय की. नावाला हाय."

तेव्हापासून ती माझी नोकरीच झाली. तो दगड आम्ही जीपमध्येच ठेवला, माझ्या पायाशी. गाडी चढावर थांबली की ते काही बोलायच्या आत मी खाली. एकदा त्यांच्या मित्रानं विचारलं, "वहिनींना गाडी का शिकवत न्हाईस?" तर हे म्हणाले, "ड्रायवर रग्गड मिळतील, असा दगड लावणारी मिळायची न्हाई." मला तेव्हा रागही आला आणि आतून बरंही वाटलं.

मग एका सकाळी जीपची किल्ली फिरेना. ह्यांनी स्विच खराब झाला असं धरलं. मिस्त्रीनं नवा बसवला. तरी फिरेना. हे मिस्त्रीवर चिडले, नव्या मालाला शिव्या दिल्या, तिसरा स्विच आणवला. मिस्त्रीनं बसल्या जागी हात लांब करून किल्ली फिरवली आणि जीप चालू झाली. ह्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं आणि तो हात खिशात घातला. खराब झालं होतं ते बोट होतं, आणि ते त्यांना त्या दिवशी कळलं.

आजार स्नायूंचा. हात, मग पाय, मग पुढचं. बुद्धी शाबूत राहते, असं डॉक्टरांनी सांगितलं, जणू ती चांगलीच बातमी होती. पाय लटपटायला लागले तेव्हा जीप विकायचं त्यांनीच ठरवलं. गाडी गेली, दगड मी ठेवून घेतला. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून उंबऱ्याशी लावायला लागले.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार. दरवर्षी माझ्या मशीनला आणि जीपला एकाच टोपलीतल्या झेंडूच्या माळा पडायच्या. जीप गेली त्या वर्षी एकच माळ केली. अंगणात तेलाचा डाग तेवढा राहिला होता. "ह्या डागाला हळद-कुंकू वाहू का?" म्हणून मी चिडवलं. ते हसले नाहीत. माझीच जीभ मला टोचली.

पुढच्या भाद्रपदात मिरजेच्या दवाखान्यात गेलो. तोवर ते खुर्चीत होते. डॉक्टर तरुण होता, नीट बोलला. आता छातीचे स्नायू दमत जातील, म्हणाला. श्वास कमी पडायला लागला की गळ्याला भोक पाडून यंत्र जोडता येतं. माणूस त्यावर राहतो, बरा होत नाही. ते करायचं की नाही हे घरच्यांनी आधीच ठरवलेलं बरं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीतून खाली लागलेल्या गाड्या बघत होते. बाहेर आलो तसे भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला म्हणाले, "सांगलीला घे. एक दुकान हाय."

रिमोटच्या गाड्यांचं दुकान. मोबाइलवर तसले व्हिडिओ ते महिनाभर बघत होते, हे मला माहीत होतं. वेळ घालवतात, असं मला वाटायचं. वाटेत त्यांनी मनातलं सांगितलं. "औंदा खंडेनवमीला माझ्या गाडीची पूजा झाली पायजे. आन् दसऱ्याला ती मी शिवंपल्याड न्हेणार. माझ्या हातानं." आमच्या अंगणासमोरचा बांध हीच गावाची शीव. दसऱ्याला सगळी माणसं शीव ओलांडून आपट्याचं सोनं घेऊन येतात. ते फौजेतून आल्यापासून त्यांचा एकही दसरा चुकला नव्हता, गेल्या वर्षीपर्यंत. मी म्हटलं, "आणू या." त्या वेळी त्यांनी विमान मागितलं असतं तरी मी आणू या म्हटलं असतं.

दुकानात पुढच्या बाजूला द्राक्षबागेच्या फवारणीच्या ड्रोनचं सामान आणि मागं एका कपाटात गाड्या. मालक पन्नाशीचा, जैन, स्वतः बागायतदार. चातुर्मास चालू होता, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून तो दुकान आवरत होता. ह्यांना खुर्चीत बघून त्यानं कुलूप परत खिशात टाकलं.

"काका, एकच सांगा. पळवायची का चढवायची?"

"आधी सगळ्या दाव," हे म्हणाले.

त्यानं एकेक गाडी मागच्या अंगणात काढली. खाली बघितलं, मुंग्यांची रांग दिसली, तशा गाड्या उचलून पलीकडच्या कोपऱ्यात नेल्या. पहिली बग्गी, बुटकी, बारीक अंगाची. सुटली ती धुरळाच दिसला. "हिला सपाट रान लागतं. ढेकळात हिचं काय खरं न्हाई." दुसरी शर्यतीची पिकअप, तीही पळणारीच, वर नुसता टप वेगळा. तिसरीची चाकं तिच्या अंगापेक्षा मोठी, मॉन्स्टर ट्रक म्हणतात ती. लालभडक. ती विटांच्या ढिगावरून उडाली आणि आपटूनही चालत राहिली. मला तीच पसंत पडली. कापड घेताना मी टिकाऊपणा आधी बघते.

"काकू, ही दणकट हाय, पर उलटी लय पडती. उचलायला मानूस लागतो."

"माणूस आहे की," मी म्हटलं.

चौथी क्रॉलर. दगडधोंड्यावर चढणारी, टप हुबेहूब जीपचा. चालली आणि मला हसूच आलं. गोगलगाय बरी. "हिच्या आधी मी चालत जाऊन परत येईन," मी म्हटलं. ह्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते म्हणाले, "फळी लाव. एकेक गाडी चढाला घाल, आन् मधीच रिमोटवरचं बोट सोड."

मालकानं पोत्याला फळी टेकवली. बग्गी अर्ध्या फळीवर गेली, त्यानं बोट सोडलं, ती घरंगळत मागं आली. पिकअप तशीच. मॉन्स्टर ट्रक मागं येऊन त्याच्या पायावरच चढला. मग क्रॉलर. अर्ध्यावर त्यानं बोट सोडलं. गाडी तिथंच उभी राहिली.

"हिची मोटरच ब्रेक धरती," तो म्हणाला. "बॅटरी हाय तवर हालायची न्हाई. पर एक सांगू का काका? चढताना बोट सारखं दाबून धरावं लागतं, बेतानं. बाकीच्या नुसत्या टिचकीवर पळत्यात. तुमच्या हाताला..." तो थांबला. सज्जन माणूस होता.

"हीच दे," हे म्हणाले.

मी समजवायला गेले. बोटाला जड जाईल, लालवाली घेऊ, शेजारची पोरंही खेळतील, असं काहीबाही बोलले. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "हात सुटला तरी मागं येत न्हाई." आणि मग माझ्याकडे बघून हसले. "हिला दगडबी लागत न्हाई. तुजी नोकरी गेली."

मीही हसले. परतताना मलकापूरच्या पुढं अंधार पडला, तेव्हा मागच्या सीटवर तोंडात पदर धरून मी रडले. हे पुढं बसले होते. ड्रायव्हर माणूस, आरशात सगळं दिसतं त्यांना.

रिमोट पिस्तुलासारखा होता. डाव्या हाताच्या बोटानं घोडा दाबायचा, उजव्या हातानं बाजूचं छोटं चाक फिरवायचं. रिमोट पेलवेना म्हणून मी खाच असलेली एक उशी शिवली, ती मांडीवर ठेवली की तो घट्ट बसायचा. चाक ते तळहातानं ढकलायचे. घोड्याला मी नाडीचा फास लावून दिला, म्हणजे बोट घसरणार नाही. रोज सकाळी विटा, ढेकळं, पाण्याचा पाट. येणारे-जाणारे हसायचे, फौजी लहान झाला म्हणायचे. मी एकदोघांना चांगलं सुनावलं. हे म्हणायचे, "हसू दे की. चढाला आवाज ऐकायचा असतो, लोकांचा न्हवं, गाडीचा." पण पितृपंधरवडा संपेपर्यंत त्यांचं बोट दोन विटांतच थकायला लागलं होतं. बांध तर गुडघ्याएवढा उंच. दोघांनाही दिसत होतं.

खंडेनवमीला दोन माळा केल्या. एक मशीनची, एक चार फुलांची. पूजा झाल्यावर मी म्हटलं, "जरा चालवून बघा, उद्यासाठी हात बसेल." त्यांनी मान हलवली. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं. त्यांच्या बोटाचा एकेक दिवस मोलाचा होता, आणि त्यातला एक दिवस त्यांनी रिवाजापायी सोडला. मला देवाचा राग आला.

दसऱ्याला संध्याकाळी गावातली माणसं पालखीबरोबर शिवेकडे निघाली. हे अंगणात खुर्चीवर, अंगात इस्त्रीचा सदरा. मी ओवाळायचं ताट घेऊन दारात. गाडी निघाली. पाट ओलांडला, ढेकळं ओलांडली, बांधाशी आली. तिची पुढची चाकं दगडावर टेकली आणि ती चढायला लागली. मी ताट घट्ट धरून उभी. वर पोचायला हातभर राहिलं आणि गाडी थांबली.

"काय झालं?"

"बोट." त्यांच्या कपाळाला घाम होता. नाडीच्या फासात बोट नुसतं अडकून राहिलं होतं.

"मी दाबू का? तुमच्या बोटावर बोट ठेवते."

"नगं. ऱ्हाऊ दे तिथंच. मागं तर न्हाई आली."

गाडी बांधाच्या उतारावर नाक वर करून उभी होती. पालखीचा ढोल लांबून ऐकू येत होता. मला दुकानदाराचं बोलणं आठवलं. बॅटरी आहे तोवर. मी ताट खाली ठेवलं, उंबऱ्याचा दगड उचलला आणि चालत बांधावर गेले. दगड त्या गाडीच्या चाकाहून मोठा. तरी मागच्या चाकाला नीट टेकवून लावला, पूर्वी लावायची तसा. वाकल्यावर लक्षात आलं, आजही अंगावर जरीचीच साडी आहे.

परत आले, त्यांना ओवाळलं, बाजारातून आणलेलं सोनं त्यांच्या हातात दिलं. हात मिटला नाही, पानं मांडीवर पडली. ते म्हणाले, "गाडीला लावलास ते बरं केलंस. पर मला लावू नगंस."

"काय?"

"मिरजंच्या डॉक्टरानं सांगितल्यालं. गळ्याचं यंत्र. दगडच की त्यो."

मी भडकले. आयुष्यभर दुसऱ्या नंबरावर राहून चिखलात उतरले आणि आता हे सांगताय, असं काय काय बोलले. मोठ्यानं बोलले. ते ऐकत राहिले, मी दमेपर्यंत. मग अगदी हळू म्हणाले, "अगं, पुढं जायची गाडी असली तर दगड लावायचा. नुसती चढावर उभी करून काय करतीस?"

सकाळी बांधावर गेले तेव्हा बॅटरी संपली होती. गाडी दगडाला टेकून उभी होती.

पौषात साताऱ्याच्या दवाखान्यात तो प्रश्न आलाच. डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले, यंत्र लावायचं का, लवकर सांगा. मला हो म्हणायचं होतं. अजूनही म्हणायचं आहे. मी नाही म्हटलं आणि आत गेले. त्यांचा आवाज गेला होता, नजर शाबूत होती, आणि ती नजर माझ्या हातांकडे लागली होती. मी दगड लपवून आणलाय का, ते बघत होते. मी जवळ गेले आणि त्यांना नीट दिसावं म्हणून दोन्ही हात उघडून समोर धरले. रिकामे होते.